पाच खुंट्या आणि एक परिणामी विस्थापन: मैदानावर केलेल्या सदिश बेरजेच्या नोंदी

३ फेब्रुवारी

भौतिकशास्त्राच्या अगदी सुरुवातीच्या प्रकरणात विस्थापनांची बेरीज येते. विस्थापन म्हणजे आरंभापासून शेवटापर्यंतचे सरळ अंतर आणि त्याची दिशा; लांबी आणि दिशा दोन्ही असलेल्या अशा राशीला सदिश म्हणतात. वहीत ती मला जमत होती. पण गणितातून निघालेले उत्तर जमिनीवर खरोखर त्याच जागी सापडते का, हे मी कधी पडताळून पाहिले नव्हते. म्हणून सहाध्यायाला सोबत घेऊन मोकळ्या मैदानावर चार टप्प्यांचा मार्ग आखायचे ठरवले. प्रत्येक टप्प्याची लांबी आणि दिशा मोजायची, त्रिकोणमितीने चारही विस्थापनांची बेरीज, म्हणजे परिणामी विस्थापन, काढायची, आणि शेवटी पहिल्या खुंटीपासून शेवटच्या खुंटीपर्यंत सरळ टेप लावून उत्तर तपासायचे, असा बेत होता.

टप्पे मुद्दाम असे निवडले की एक ईशान्येकडे, दुसरा आग्नेयेकडे, तिसरा नैर्ऋत्येकडे आणि चौथा वायव्येकडे जावा. टप्पा पूर्वेकडे किती गेला तो त्याचा पूर्व घटक आणि उत्तरेकडे किती गेला तो उत्तर घटक; उलट दिशेला गेला तर घटक ऋण. त्यामुळे पूर्व आणि उत्तर घटकांच्या चिन्हांच्या चारही जोड्या एकाच उदाहरणात येतात. हा निर्णय पुढे फार उपयोगी पडला.

पहिली सकाळ मात्र वाया गेली. लांबी मोजण्यासाठी नायलॉनच्या दोरीला दर पाच मीटरवर गाठ मारून आणली होती. तेच अंतर पहिल्या खेपेस साडेअडतीस मीटर आणि दुसऱ्या खेपेस सव्वाएकोणचाळीस मीटर भरले, कारण दोरी ओढली की लांबते आणि प्रत्येक वेळी ओढ सारखी राहत नाही. तीन तासांनंतर दोरी गुंडाळून ठेवली. हे काम करू पाहणाऱ्याने न ताणणारी टेपच वापरावी.

४ फेब्रुवारी

आज ३० मीटरची टेप, साधे होकायंत्र आणि पाच लाकडी खुंट्या घेऊन गेलो. खुंट्यांना क, ख, ग, घ, च अशी नावे दिली. क म्हणजे आरंभ आणि च म्हणजे शेवट. लांब्या पूर्णांकात ठेवल्या, म्हणजे खुंटी ठरलेल्या अंतरावरच ठोकली. दिशा मात्र सोयीने घेतली आणि नंतर होकायंत्रावर पूर्ण अंशापर्यंत वाचली. दिशाकोन उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजला आहे.

क ते ख: ४० मीटर, ६०°
ख ते ग: २५ मीटर, १३५°
ग ते घ: ३० मीटर, २००°
घ ते च: ५० मीटर, २९६°

४० आणि ५० मीटरचे टप्पे ३० मीटरच्या टेपने दोन भागांत मोजावे लागले. मधली खूण सरळ रेषेत आली नाही तर काय, अशी धास्ती होती. हिशेब करून पाहिला तेव्हा ती निराधार ठरली: ४० मीटरच्या मध्यावर खूण रेषेपासून पूर्ण एक मीटर बाजूला गेली, तरी प्रत्येक अर्धा भाग २० ऐवजी २०.०२५ मीटर होतो आणि एकूण फरक फक्त ५ सेंटिमीटरचा पडतो. दिशेची चूक किती महागात पडते, हे पुढच्या नोंदींत येईल. तिच्यापुढे ही चूक किरकोळ आहे.

एकूण चाल १४५ मीटरची झाली आणि आम्ही आरंभाच्या इतक्या जवळ परत आलो होतो की क खुंटी डोळ्यांना स्पष्ट दिसत होती. कापलेले अंतर आणि विस्थापन यांतला फरक व्याख्या पाठ करूनही मला इतका ठसठशीत कधी जाणवला नव्हता. निघण्यापूर्वी क पासून च पर्यंत थेट माप घेतले: १०.३ मीटर, दिशाकोन २०८°. ते एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी घडी करून ठेवली, म्हणजे गणित करताना उत्तराकडे मन ओढले जाणार नाही.

५ फेब्रुवारी

गणित स्प्रेडशीटमध्ये मांडले. दिशाकोन उत्तरेपासून मोजलेला असल्यामुळे पूर्व घटक म्हणजे लांबी गुणिले कोनाचा साइन आणि उत्तर घटक म्हणजे लांबी गुणिले कोनाचा कोसाइन. सूत्रे बरोबर लिहिली होती, तरी पहिल्या टप्प्याचा पूर्व घटक −१२.१९ आणि उत्तर घटक −३८.१० आला. ईशान्येकडे चाललेल्या माणसाचे दोन्ही घटक ऋण कसे असतील?

स्प्रेडशीटची त्रिकोणमितीय फले कोन रेडियनमध्ये (कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात) घेतात आणि आम्ही अंश भरले होते, एवढेच कारण होते. पण ते सापडायला दीड तास लागला, कारण सहाध्यायाने पडताळणीसाठी नेमका दुसरा टप्पा निवडला. तिथे घटक २.२१ आणि −२४.९० आले होते. चिन्हे आग्नेयेला साजेशी, म्हणून त्याने सूत्र निर्दोष ठरवले. ती चिन्हे केवळ योगायोगाने जुळली होती: १३५ रेडियन म्हणजे पूर्ण फेऱ्या वगळल्यावर सुमारे १७५° उरतात, आणि तोही कोन आग्नेयेच्याच बाजूला पडतो. एका ओळीवरून तपासणी संपवू नये, हे त्या दीड तासात कळले. कॅल्क्युलेटरवरही हाच धोका आहे, म्हणून आता बैठकीच्या सुरुवातीला ३०° चा साइन काढून तो ०.५ येतो का, एवढे पाहतो.

७ फेब्रुवारी

स्प्रेडशीटवरचा विश्वास उडाला होता, म्हणून सगळे कॅल्क्युलेटरने हाताने करायचे ठरवले. काम वाटून घेतले: पहिला टप्पा सहाध्यायाने, बाकीचे तीन मी. बेरीज आली पूर्वेकडे −१७.५२ आणि उत्तरेकडे १०.६९, म्हणजे परिणामी विस्थापन २०.५ मीटर, वायव्येकडे.

चिठ्ठी उघडण्याआधी आलेख कागदावर आकृती काढली. एक सेंटिमीटरला पाच मीटर असे प्रमाण घेतले, एका बाणाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी जोडत चार बाण काढले आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे अंतर मोजले. ते १.१ सेंटिमीटर भरले, म्हणजे साडेपाच मीटर, आणि दिशा नैर्ऋत्य. कोनमापकाने कितीही ढिलाईने काम केले असते, तरी साडेपाचाचे साडेवीस झाले नसते. म्हणजे चूक आकडेमोडीतच होती.

दोघांचे कागद शेजारी ठेवल्यावर ती दिसली. सहाध्यायाने पुस्तकातल्या सवयीप्रमाणे ६०° चा कोन क्ष-अक्षापासून, म्हणजे पूर्वेपासून धरला आणि पूर्व घटकासाठी कोसाइन वापरला. त्याचे २० आणि ३४.६४ हे आकडे बरोबरच होते, फक्त त्यांच्या जागा उलट झाल्या होत्या. पुस्तकात कोन पूर्वेपासून घड्याळाच्या उलट दिशेने वाढतो आणि होकायंत्रावर उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने वाढतो. दोन्ही रिती आपापल्या जागी योग्य आहेत, पण एकाच बेरजेत त्या एकत्र आल्या की उत्तराला काहीही अर्थ उरत नाही.

या चुकीचा एक अधिक फसवा प्रकार आहे आणि तो सांगणे मला आवश्यक वाटते. चारही टप्प्यांत साइन आणि कोसाइन यांची अदलाबदल झाली असती, तर परिणामी विस्थापनाची लांबी अचूक आली असती. सगळी आकृती आरशात पाहिल्यासारखी उलटते, पण लांब्या बदलत नाहीत. फक्त दिशा चुकते. त्यामुळे लांबी जुळली म्हणून घटक बरोबर आहेत, असे समजता येत नाही.

अर्धा दिवस यात गेला. यापुढे कोणताही आकडा काढण्यापूर्वी प्रत्येक टप्प्यासमोर केवळ चिन्हे आणि "कोणता घटक मोठा" एवढे लिहून ठेवायचे ठरवले. ६०° उत्तरेपेक्षा पूर्वेच्या जवळ आहे, म्हणून पूर्व घटक मोठा असायलाच हवा; एवढे एक वाक्य लिहिले असते तरी अर्धा दिवस वाचला असता.

८ फेब्रुवारी

दुरुस्त बेरीज: पूर्वेकडे −२.८८, उत्तरेकडे −३.९५. लांबी ४.८९ मीटर, आलेखाशी बऱ्यापैकी जुळणारी. दिशेसाठी २.८८ ला ३.९५ ने भागले, व्यस्त टॅन (टॅनच्या किमतीवरून कोन) काढला आणि कॅल्क्युलेटरने ३६.१° दाखवले. आम्ही मैदानावर गेलो, क खुंटीपाशी उभे राहिलो, होकायंत्रावर ३६° लावले आणि समोर पाहिले. समोर काहीच नव्हते. च खुंटी आमच्या पाठीमागे होती.

दोन ऋण संख्यांचा भागाकार धन येतो, आणि कॅल्क्युलेटरला केवळ तो भागाकार दिसतो; मुळातल्या चिन्हांची त्याला माहिती नसते. व्यस्त टॅन नेहमी −९०° आणि ९०° यांच्या दरम्यानचेच उत्तर देतो. आपले दोन्ही घटक ऋण आहेत, म्हणजे दिशा नैर्ऋत्य, म्हणून १८०° मिळवावे लागतात आणि दिशाकोन २१६.१° होतो. स्प्रेडशीटमध्ये दोन्ही घटक वेगवेगळे घेणारे व्यस्त टॅनचे फल असते, आणि ते ही अडचण टाळते. मात्र घटकांचा क्रम तपासून घ्यावा लागतो, कारण अनेक स्प्रेडशीटमध्ये क्ष-घटक आधी येतो आणि बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत य-घटक आधी येतो. उत्तरेपासून दिशाकोन हवा असेल तर क्ष च्या जागी उत्तर घटक आणि य च्या जागी पूर्व घटक द्यायचा, आणि ऋण कोन आला तर त्यात ३६०° मिळवायचे.

मग चिठ्ठी उघडली. गणित म्हणते ४.८९ मीटर आणि २१६°. टेप म्हणते १०.३ मीटर आणि २०८°. दुपटीहून अधिक फरक.

सुरुवातीला आम्ही पुन्हा आकडेमोडच तपासत बसलो, आणि हीच या प्रकल्पातली माझ्या मते सर्वांत मोठी चूक होती. आलेख आणि घटक या दोन स्वतंत्र पद्धतींनी जवळपास एकच उत्तर दिले होते. तेव्हा गणित चुकलेले असण्याची शक्यता फारच थोडी होती. पण दोन्ही पद्धतींनी घेतलेली मापे एकच होती. मापात दोष असेल, तर आलेखही तो दोष इमानेइतबारे पुन्हा काढून दाखवणार. आलेखाने आकडेमोड तपासली जाते. मापे तपासायला पुन्हा जमिनीवरच जावे लागते. हे सुचायला संध्याकाळ झाली.

१० फेब्रुवारी

प्रत्येक टप्प्याचा दिशाकोन दोन्ही टोकांवरून वाचला. ख वरून क कडे पाहिले तर ६०° मध्ये १८०° मिळवून २४०° यायला हवेत, आले २४०°. दुसऱ्या टप्प्याचा उलट दिशाकोन ३१५° अपेक्षित होता आणि तोच आला. तिसऱ्याचा २०° ऐवजी २१° आला, ते वाचनाच्या मर्यादेत बसते. चौथ्याला मात्र च वरून घ कडे ११०° आले, आणि अपेक्षा ११६° ची होती.

सहा अंशांचा हा फरक कोणत्या टोकाला निर्माण झाला, हे शोधायला फार वेळ लागला नाही. घ वर खुंटी ठोकल्यावर लोखंडी हातोडा तिच्या बुंध्याशीच ठेवलेला होता आणि होकायंत्र खुंटीच्या माथ्यावर टेकवले होते. आज हातोडा दूर ठेवून वाचले तर २९०° आले. खात्रीसाठी तो पुन्हा त्याच जागी ठेवला, तर काटा सरकून २९६° वर गेला. बाकीच्या खुंट्यांपाशी तो सहाध्यायाच्या हातात आणि काही पावले लांब होता.

चौथा टप्पा २९०° धरून पुन्हा मांडणी केली. पूर्व घटक क्रमाने ३४.६४, १७.६८, −१०.२६ आणि −४६.९८, बेरीज −४.९३. उत्तर घटक २०.००, −१७.६८, −२८.१९ आणि १७.१०, बेरीज −८.७७. लांबी १०.०६ मीटर, दिशाकोन २०९.३°.

टेपने मोजलेले १०.३ मीटर आणि २०८° होते. नुसत्या लांब्यांची वजाबाकी केली तर फरक २४ सेंटिमीटर दिसतो, पण दिशेतला फरकही मोजायला हवा, म्हणून मोजलेल्या विस्थापनाचेही घटक काढले (−४.८४ आणि −९.०९) आणि दोन सदिशांची वजाबाकी केली. फरकाची लांबी ०.३४ मीटर आली. म्हणजे १४५ मीटर चालून, होकायंत्राचा काटा केवळ पूर्ण अंशापर्यंत वाचून, गणिताने सांगितलेली जागा आणि खरी खुंटी यांत एका पावलापेक्षाही कमी अंतर राहिले. आम्ही दोघे बराच वेळ त्या खुंटीपाशी उभे होतो.

होकायंत्र भौगोलिक उत्तर दाखवत नाही, चुंबकीय उत्तर दाखवते, ही शंका सहाध्यायाने काढली आणि ती रास्त होती. पण त्यामुळे सर्वच दिशाकोनांत सारखाच फरक पडतो, जणू संपूर्ण आकृती कागदावर थोडी फिरवली. परिणामी विस्थापनाची लांबी तशीच राहते, आणि थेट दिशाही त्याच होकायंत्राने मोजलेली असल्यामुळे तुलना बिघडत नाही.

११ फेब्रुवारी

सहा अंशांच्या चुकीने उत्तर अर्धे कसे केले, याचा हिशेब आज लावला. ५० मीटरवर एक अंश चुकला की टोक ८७ सेंटिमीटर बाजूला सरकते. सहा अंशांना ते सव्वापाच मीटर सरकते. चारही टप्पे मिळून १४५ मीटरचे आहेत, पण ते एकमेकांना जवळजवळ रद्द करतात आणि शेवटी केवळ १० मीटर उरतात. मोठ्या धन आणि ऋण संख्यांच्या बेरजेतून लहान संख्या उरते, तेव्हा मोठ्या संख्यांतली सगळी अनिश्चितता त्या लहान संख्येच्या वाट्याला येते. वाचनात अर्ध्या अंशाची अनिश्चितता धरली, तर चार टप्प्यांची टोके अनुक्रमे ०.३५, ०.२२, ०.२६ आणि ०.४४ मीटर सरकू शकतात. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ०.६५ मीटर येते. आमचा ०.३४ मीटरचा फरक त्याच्या आत आहे, म्हणून त्यासाठी आणखी कारण शोधत बसलो नाही. हे काम प्रथमच करणाऱ्याने शेवट आरंभापासून दूर पडेल असा मार्ग निवडला, तर चुका इतक्या बोचणार नाहीत. पण आम्हाला हातोड्याचा प्रभाव दिसला तो आमचा मार्ग जवळजवळ बंद होता म्हणूनच.

१४ फेब्रुवारी

घटकांशिवाय, केवळ त्रिकोणाच्या नियमांनी हेच उत्तर येते का, ते पाहिले. पहिले दोन टप्पे घेतले: ४० आणि २५ मीटर, दिशाकोनांतला फरक ७५°. कोसाइनच्या नियमात मी ७५° भरले आणि क ते ग हे अंतर ४१.३ मीटर आले. टेपने ते ५२.५ मीटर भरत होते. ७५° हा चालताना वळल्याचा कोन आहे. त्रिकोणाच्या आतला कोन त्याचा पूरक, म्हणजे १०५° आहे. तो भरल्यावर ५२.३७ मीटर आले, आणि घटकांच्या रीतीनेही हेच येते. साइनच्या नियमाने क पाशी असलेला कोन काढला, तो २७.५° निघाला, म्हणून क वरून ग चा दिशाकोन ६०° अधिक २७.५°, म्हणजे ८७.५°. तोही जुळला.

हीच रीत शेवटच्या त्रिकोणाला लावली तेव्हा तिची मर्यादा कळली. क ते घ हे अंतर ४९.३८ मीटर, घ ते च ५० मीटर, आणि घ पाशी आतला कोन केवळ ११.६°. हा कोन सोयीसाठी १२° धरला तर उत्तर १०.४ येते आणि ११° धरला तर ९.५. शिवाय साइनच्या नियमाने क पाशी असलेल्या कोनाचा साइन ०.९९९ आला, म्हणजे कोन ९०° च्या आसपास आहे एवढेच कळते, तो ९०° हून थोडा कमी की थोडा अधिक, हे व्यस्त साइन सांगू शकत नाही. दोन टप्प्यांसाठी ही रीत सुटसुटीत आहे. तीन किंवा अधिक टप्पे असतील, तर मी घटकच काढीन.

१५ फेब्रुवारी

एक प्रयोग राहिला होता: टप्प्यांचा क्रम बदलला तरी शेवट त्याच जागी येतो का? चारही टप्पे वेगळ्या क्रमाने चाललो: आधी ५० मीटर २९०° ला, मग २५ मीटर १३५° ला, मग ४० मीटर ६०° ला आणि शेवटी ३० मीटर २००° ला. मधल्या सगळ्या खुंट्या पूर्वी कधीच नव्हत्या अशा जागी आल्या. या वेळी होकायंत्रावर आधी दिशा लावून तिच्या रोखाने चालावे लागले, त्यामुळे काम अधिक जिकिरीचे झाले आणि अडीच तास लागले. हातोडा सहाध्यायाने दहा पावले मागेच ठेवला.

शेवटची खुंटी जुन्या च खुंटीपासून ६० सेंटिमीटरवर आली. दोन्ही खुंट्यांमधले अंतर मोजून झाल्यावरच आम्ही त्या उपटल्या.